पंगतीत सगळ्यात शेवटी उठणारी

वजनाचं ऑपरेशन झाल्यापासून भेटणारं प्रत्येक माणूस मला एकच विचारतं, आता किती खाता येतं गं तुला? मग मी हातानेच वाटी दाखवते आणि समोरचं हळहळतं, अरे बापरे, एवढंसंच? पण खायला वेळ किती लागतो हे आजवर कोणी विचारलं नाही, आणि माझ्या मते सगळं तिथेच आहे. किती खायचं ते पोट सांगतं, म्हणजे पुढे जाऊच देत नाही. किती हळू खायचं ते मात्र मला सांभाळावं लागतं, रोज, प्रत्येक घासाला, आणि एकटीने ते सांभाळून होत नाही कारण आपल्याकडे जेवण एकट्याचं नसतंच. घरात चारजण सोबत बसतात, ऑफिसमध्ये डबे एकत्र उघडतात, लग्नात पंगत सोबत बसते आणि सोबतच उठते.

माझं स्लीव्ह झालंय, दोन-तीन वर्षं होतील आता. यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते. आतड्याला हात लावत नाहीत, आतड्याची नवी जोडणी करतात ते बायपास, ते वेगळं. जो भाग काढतात तिथेच भुकेचं हार्मोन, घ्रेलिन, सगळ्यात जास्त तयार होतं, त्यामुळे सुरुवातीचे कित्येक महिने भूक अशी लागतच नाही. वजन ११६ किलो होतं, शुगर होती, रात्री झोपेत श्वास अडकायचा, गुडघ्यांनी जिना चढणं बंद केलं होतं. तरी नातेवाईक म्हणालेच, एवढी काही जाड नव्हतीस तू, चालायला जायचं होतं अंबाझरी तलावावर. तर ज्यांच्या घरात अशी चर्चा सुरू असेल त्यांच्यासाठी सांगते, आधीचे नियम १९९१ चे होते, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० किंवा सोबत आजार असतील तर ३५. २०२२ मध्ये बॅरिॲट्रिक, म्हणजे वजनाची ऑपरेशन करणाऱ्या, सर्जनच्या दोन मोठ्या संघटनांनी ते बदलले आणि आशियाई लोकांसाठी तर २७.५ च्या वर हा पर्याय विचारात घेता येईल असं म्हटलं, कारण आपल्याला कमी वजनातच शुगर-बीपी गाठतात. म्हणजे डोळ्यांनी बघून जाड-बारीक ठरवायची ही गोष्टच नाही.

पहिले आठवडे सगळ्यांचे सारखेच जातात, थोडक्यात सांगते. आधी नुसतं पातळ, गाळलेलं. मग दूध, ताक, प्रोटीन पावडर, मग मिक्सरमधून फिरवलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी हळूहळू घरातलं नेहमीचं. कोणता टप्पा किती दिवस हे प्रत्येक डॉक्टरचं थोडं वेगळं असतं, आपल्या डॉक्टरचंच ऐकायचं. मला त्यातलं एकच ठळक आठवतं, औषधाच्या बाटलीवरचं ते प्लास्टिकचं झाकण, ज्यावर रेघा असतात. आई त्यात मुगाच्या वरणाचं वरचं पाणी ओतायची, जिऱ्याचा वास यायचा, आणि मी ते झाकण दहा-पंधरा मिनिटं हातात धरून बसायची. एक घोट, थांब. एक घोट, थांब. आई समोर बसून घड्याळाकडे बघायची नाही, टीव्हीकडेही नाही, नुसती बसायची. तेव्हा मला कळलं नाही की ती मला केवढी मोठी गोष्ट देऊन राहिली आहे.

कारण खरी परीक्षा लिक्विड डाएटची नसतीच, तेव्हा सगळे सांभाळून घेतात, पेशंट आहे म्हणतात. टाके भरले, चेहरा उतरला, जुने ड्रेस ढगळ व्हायला लागले की घरच्यांना वाटतं झालं आता, बरी झाली, आणि मग पुन्हा सगळं जुन्या स्पीडने सुरू होतं.

आता हळू म्हणजे किती हळू. घास करंगळीच्या नखाएवढा, वीस-पंचवीस वेळा चावून तोंडातच त्याची पेस्ट झाली पाहिजे, मग गिळायचा, चमचा खाली ठेवायचा, थोडं थांबायचं, मग पुढचा. एक छोटी वाटी संपायला वीस मिनिटं, कधी अर्धा तास. जेवताना पाणी नाही, जेवणाच्या आधी अर्धा तास नाही आणि नंतरही अर्धा तास नाही. हे सगळं नीट झालं तर काहीच त्रास नाही, जेवण छान लागतं, खरंच सांगते, आधीपेक्षा चव जास्त कळते. पण एखादा घास घाईत गेला की तो अडकतो. छातीच्या मधोमध, हाडाच्या मागे, दगड ठेवल्यासारखं दुखतं, तोंडाला पाणी सुटतं, साधं पाणी नाही, घट्ट फेस येतो, बोलता येत नाही. आपल्याला वाटतं पाणी प्यावं म्हणजे खाली जाईल, पण पाणी त्याच्यावरच साचतं आणि दुखणं वाढतं. उठून हळूहळू चालायचं, खांदे सैल सोडायचे, आणि वाट बघायची. एकतर तो घास जातो नाहीतर वर येतो.

सगळ्यात जास्त अडकते ती ताजी मऊ पोळी. ऐकून नवल वाटतं ना, कडक गोष्टी जातात आणि मऊ पोळी अडकते, पण गव्हाचं ते ओलसर मऊपण पोटात गोळा होतं. भाताचंही तसंच, फुगतो. कोरडं चिकन अडकतं. आणि नागपुरात राहून हे सांगायला वाईट वाटतं, पण संत्र्याची फोडही अडकते, आतला गर नाही, त्यावरचा पातळ पापुद्रा. आता मी प्रत्येक फोड सोलून नुसता गर खाते, आंबिया बहाराचं संत्रं आलं की दुपारी उन्हात बसून एकच संत्रं अर्धा तास पुरवते. उलट ज्वारीची भाकरी कढीत कुस्करून छान जाते, पिठलं जातं, गोळ्याची कढी जाते.

पोट भरलं हे कसं कळतं, तेही सांगते, कारण आधीसारखं जड वाटत नाही. माझं नाक वाहायला लागतं. काहीजणांना उचकी लागते, काहींना शिंक येते, कोणी मोठा सुस्कारा टाकतं. तो सिग्नल आला की ताटात एकच घास उरला असला तरी तो उरू द्यायचा. अन्न टाकू नये हे आपल्या हाडात आहे, म्हणून मी आता आधीच कमी वाढून घेते आणि उरलेलं झाकून ठेवते, दोन तासांनी तेच खाते.

एवढ्याशा जागेत काय भरायचं तर आधी प्रोटीन. दिवसाला निदान ६० ग्रॅम तरी जायला पाहिजे, नाहीतर चरबीसोबत स्नायूही झडतात, केस गळतात, थकवा येतो. आणि आपलं जेवण असं की ताटात प्रोटीन सगळ्यात कमी. एका अंड्यात ६ ग्रॅमच्या आसपास, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, आणि पातळ वरणाच्या वाटीत तर ४-५ ग्रॅमच निघतं, म्हणजे ज्या वरणाच्या भरवशावर आपण निर्धास्त असतो ते पुरतच नाही. मी घट्ट वरण करते, सोयाबीनच्या वड्या भिजवून बारीक करून भाजीत घालते, सुरुवातीला पावडर घेतलीच, आजही दुधात एक स्कूप असतो. पण मला खरा आधार दिला तो आपल्या पाटवडीने. बेसनाची मऊ वड्यांसारखी थापलेली, वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरलेला, दोन-तीन वड्या दह्यासोबत खाल्ल्या की जेवण झालं. रस्सा मात्र बेताचा. स्लीव्हनंतर ॲसिडचा त्रास बऱ्याच जणांना होतो, मलाही होतो, त्यामुळे सावजीची लाल तर्री आता माझ्यासाठी वासापुरतीच. वाईट वाटतं, खूप वाटतं, नागपूरच्या महाल भागात लहानपण गेलं माझं.

तर मग ती पंगत. माझं माहेर महालातलं असलं तरी मूळ गाव काटोलकडचं आणि तिकडे अजून अंगणात पंगत बसते. चुलत भावाचं लग्न होतं. वांग्या-बटाट्याची भाजी, वरण, भात, बुंदी, मठ्ठा, नेहमीचा थाट. मी भाजीतला बटाटा आणि थोडं घट्ट वरण घेऊन बसले होते, माझ्या हिशोबाने छान चाललं होतं. तोवर आजूबाजूच्यांचा मागचा भात आला. वाढणारी पोरं तिसऱ्यांदा फिरली. समोरच्या रांगेतल्या बायका हात आवरून बसल्या आणि सगळ्यांचे डोळे माझ्या पत्रावळीवर, कारण एक जण जेवत असताना उठायचं नाही ही आपली रीत. दुसरी पंगत मागे उभी. मोठी आई वाकून म्हणाली, "काहून वं पोरी, एवढंसं खाऊन राहिली? बरं नाही का झालं वरण?" आणि तुपाची धार सोडलेला भात तिने हाताने वाढला. किती मायेने वाढला होता तो. मी दोन घास पटकन घेतले, आणि अडकलं. गोठ्यामागे जाऊन उभी राहिले, ती पाठीवर हात फिरवत होती आणि रडत होती, "मले काय मालूम होतं पोरी." तिचं काय चुकलं यात? तिच्या सगळ्या आयुष्यात माया दाखवायची एकच रीत, वाढायचं. आणि रांगेतल्या बायकाही माझा मान राखूनच बसून होत्या.

त्या संध्याकाळी मी तिला सगळं नीट सांगितलं, पोट केवढं राहिलंय ते मूठ करून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग तुले वेळ पायजे, होय ना?" एवढं सरळ मला डॉक्टरांनीसुद्धा समजावलं नव्हतं. तेव्हापासून तिच्याकडे कार्यक्रम असला की ती मला पंगतीच्या अर्धा तास आधी ओसरीत बसवते, स्वतः सोबत बसते, निवडायच्या मेथीची जुडी मांडीवर घेऊन, म्हणजे तिचे हात चालू आणि माझं तोंड. मग पंगत बसली की मी वाढायला जाते. वाढणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही तू का नाही जेवत.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचं मला सगळ्यात जास्त टेन्शन होतं. आंबील, सोळा भाज्यांची एकत्र भाजी, पुरणपोळी, वडे, फुलोरा, आणि प्रसादाला नाही कसं म्हणणार. सासूबाईंनी स्वतःच तोडगा काढला, नैवेद्याच्या छोट्या वाट्या असतात ना, त्यातलीच एक माझी. प्रत्येक पदार्थाचा एक चमचा, पुरण नुसतं नखभर. गोडाचं सांभाळावंच लागतं. माझी एक मैत्रीण, तिचा बायपास झालाय, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिने आमरसाची वाटी घेतली आणि वीस मिनिटांत तिला दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा, आडवं पडायची वेळ आली. याला डम्पिंग म्हणतात, साखर आतड्यात एकदम उतरते म्हणून होतं, बायपासवाल्यांना जास्त, पण स्लीव्हमध्येही होऊ शकतं. कधीकधी ते एक ते तीन तासांनी होतं, तेव्हा शुगर उलट खाली जाते आणि हातपाय थरथरतात. घरच्यांना हे माहीत नसलं तर घाबरून ते पुन्हा साखरपाणी पाजतात आणि चक्र सुरू राहतं, त्यामुळे शुगर खाली गेली तर काय आणि किती द्यायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आपला उन्हाळा हा वेगळाच विषय. पारा ४५ वर, नवतपा सुरू, बाहेरून आलं की माठातल्या पाण्याचा तांब्या एका दमात घशात ओतायचा ही सवय जन्माची. आता तसं ओतताच येत नाही, दोन घोटांवर थांबावं लागतं, आणि तहान तर तेवढीच लागते. दिवसाला दीड-दोन लिटर पाणी जायला पाहिजे, त्यात जेवणाच्या आगेमागे बंद, म्हणजे उरलेल्या वेळात सतत घोट-घोट चालू ठेवावा लागतो. मी गाडीच्या डिकीत, ऑफिसच्या टेबलावर, उशाशी, सगळीकडे बाटल्या ठेवल्यात. दुपट्टा बांधून गाडीवर निघायच्या आधी प्यायचं, सिग्नलला थांबलं की दोन घोट. सोड्याचं काही नाही, गॅसने पोट ताणतं. बिनसाखरेचं पातळ ताक, जिरं-मीठ घालून, याच्यासारखं दुसरं काही नाही. ज्यांना ऑपरेशनची तारीख निवडता येते त्यांनी मे टाळता आला तर टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑफिस सिव्हिल लाइन्सला. लंच अर्ध्या तासाचा, त्यात डबे उघडणं, वाटावाटी, गप्पा. मी आता डबा दोन भागात नेते, अकरा वाजता टेबलावरच एक उकडलेलं अंडं किंवा पनीरचे तुकडे, आणि लंचला वाटीभर काहीतरी. मैत्रिणींनी आधी खूप आग्रह केला, एक घास, फक्त एकच. सहाजणींचा एकेक घास म्हणजे माझं पूर्ण जेवण असतं हे मी त्यांना त्यांच्याच डब्याच्या झाकणात सहा घास काढून दाखवलं. तेव्हापासून कोणी म्हणत नाही, आणि एक जण तर माझ्यासोबत हळू जेवायला लागली, तिची ॲसिडिटी कमी झाली म्हणते.

गोळ्यांचं थोडं सांगते कारण इथे लोक ढिले पडतात. वजन उतरलं, आता कशाला गोळ्या, असं नाही. मल्टिव्हिटॅमिन, बी१२, आयर्न, कॅल्शियम, डी, हे जन्मभर. बी१२ शोषायला जठरातून एक पदार्थ लागतो, जठरच कापलंय तर तो कमी पडणार, म्हणून काहींना इंजेक्शन लागतं. आयर्न आणि कॅल्शियम सोबत घ्यायचं नाही, मध्ये दोन तास सोडायचे, आणि आयर्नवर लगेच चहा नाही. कॅल्शियम सायट्रेटचं असेल तर बरं, त्याला ॲसिड लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझे केस मूठभर निघायला लागले, बाथरूममध्ये रडायला यायचं, पण ते बहुतेकांचे जातात आणि सहा-आठ महिन्यांनी नवे यायला लागतात, माझे आले. दुखण्याची गोळी मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, बायपासवाल्यांनी तर अजिबात नाही, अल्सर होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उलट्या दोन-तीन दिवस थांबतच नसतील तर "होतं असं" म्हणून घरी बसू नका. बी१, म्हणजे थायमिन, फार लवकर संपतं आणि त्याचा परिणाम नसांवर आणि मेंदूवर होतो. सरळ डॉक्टरकडे.

वर्षभरानंतर भूक थोडी परत येते. वजन ७८ वर येऊन थांबलंय, मध्ये दोन किलो वाढलं, पुन्हा उतरलं. वाढतं ते कशाने, तर जे न अडकता सर्रकन खाली जातं त्याने. चिवडा, बिस्किट, शेव, कुरमुरे, आइस्क्रीम. यांना चावायला वेळच लागत नाही, सिग्नल येईपर्यंत निम्मं पाकीट गेलेलं असतं. म्हणजे पुन्हा तोच वेळेचा प्रश्न. सकाळी तर्री पोह्यांच्या ठेल्यावरून जाताना मन अजूनही थांबतं, पोटाला काही नको असतं, मनाला हवं असतं. रविवारी मग नवरा आणि मी एक प्लेट घेतो, तर्री वेगळी, वरून चणे जास्त घालून, मी आधी चणे खाते, मग चार चमचे पोहे, बाकी तो संपवतो. ठेलेवाल्याला आता पाठ झालंय, आम्हाला प्लेट देताना तो वाटी वेगळी देतो आणि बाजूचं स्टूल सरकवून ठेवतो.

ज्यांच्या घरात कोणाचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी डाएट चार्ट फ्रीजवर लावा, चांगलंच आहे, पण त्यासोबत हेही घरात ठरवून टाका की त्याच्यासोबत शेवटपर्यंत बसणार कोण. आळीपाळीने बसा हवं तर. बोलायला काही नसेल तर मेथी निवडा, शेंगा सोला, मुलांचा अभ्यास घ्या. "झालं का?" हे मात्र विचारू नका, आणि वाढायचं असेल तर आधी ताटाकडे नाही, तोंडाकडे बघा, घास अजून चावणं चालू आहे का ते. फेब्रुवारीत भाचीचं लग्न आहे उमरेडला, तिच्या सासरच्यांना हे सगळं मी आत्ताच कळवून ठेवलंय, आणि मोठी आई म्हणाली आहे मेथी ती घेऊन येईल.